ब्लॉगला दाखल क्रमांक कोण देणार?

गेल्या उन्हाळ्यात बी.लिब.च्या, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीच्या, इंटर्नशिपसाठी महिनाभर मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी, ‘ब’ वर्ग वाचनालयात बसत होते. सकाळी वर्तमानपत्रं स्टँडवर लावायची, मग देवघेवीचं टेबल, दुपारी दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक देऊन नोंदवायची वही) आणि कपाटं ताडून पाहायची. दुसऱ्या आठवड्यात एक निवृत्त गुरुजी आले. त्यांना भाताच्या जुन्या जातींची माहिती हवी होती. वालय, सोरटी, मुणगा ही नावं त्यांना पाठ होती. पण कुठलं भात भरडावर, म्हणजे माळाच्या जमिनीवर, कुठलं मळ्यात, कुठलं खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, हे कुठेतरी लिहिलेलं हवं होतं. शाळेतल्या पोरांसाठी तक्ता करायचा होता.

संदर्भसेवा मागणारा माझा हा पहिलाच खरा वाचक. उत्साहाने लॅपटॉप उघडला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, रत्नागिरी आणि सावंतवाडी, छपाई १८८० ची. दोन मिनिटांत पडद्यावर आला. गुरुजींनी चष्मा पुसून पिकांची पानं पाहिली आणि मान हलवली. त्यांच्या वाडीतली नावं त्यात नव्हती. मग मला आठवलं, हे सगळं मी एका ब्लॉगवर वाचलं होतं. कुणी तरी आपल्या आजीला बसवून, विचारून लिहिलं होतं, बहुधा २००९ साली. पत्ताही एका जुन्या लेखातल्या दुव्यात सापडला. टिचकी मारली तर पान नाही. ब्लॉगच नाही.

म्हणजे १८८० सालचा कागद मिळाला आणि २००९ सालचा पडदा मिळाला नाही. गुरुजी काही बोलले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, “बघ हां, गावला तर.”

त्या दुपारपासून माझं एक मत पक्कं झालं आहे. मराठी ब्लॉग हे प्रकाशित मराठी लेखन आहे आणि प्रकाशित लेखन सांभाळणं हे सार्वजनिक ग्रंथालयाचं काम आहे. ते गूगलवर सोपवता येणार नाही आणि कुणा हौशी माणसाच्या हार्ड डिस्कवरही नाही. तालुक्याच्या वाचनालयाला ते जमेल, फार पैसेही लागणार नाहीत. मात्र आणखी दहा वर्षं थांबलो तर सांभाळायला फारसं उरलेलं नसेल.

ब्लॉग आता जुनाट वाटतात, हे मान्य. पहिल्या सत्रात सरांनी आम्हा सगळ्यांना ब्लॉग काढायला लावला तेव्हा मागच्या बाकावरून “सर, रील चालेल का?” असा प्रश्न आला होता. ब्लॉगर ही सेवा १९९९ ची, म्हणजे आमच्यातल्या बहुतेकांहून वयाने मोठी. गूगलने ती २००३ मध्ये विकत घेतली. वर्डप्रेसही त्याच वर्षीचं. मराठीत लाट आली ती मात्र नंतर, युनिकोड घरोघरच्या संगणकांवर नीट दिसायला लागल्यावर. त्याआधी सगळा फॉन्टचा खेळ होता. लिहिणाऱ्याकडे शिवाजी फॉन्ट आणि वाचणाऱ्याकडे नाही, की पडद्यावर रोमन अक्षरांची भेळ. मग बरहासारखी साधनं आली, इंग्रजी कळफलक बडवून देवनागरी उमटायला लागली आणि ज्यांनी आयुष्यात कधी संपादकाला पाकीट पाठवलं नव्हतं अशी माणसं लिहिती झाली. कुणी गृहिणी, कुणी बँकेतला कारकून, कुणी न्यू जर्सीत बसून आजोळची वाट आठवणारा इंजिनिअर. त्यांनी काय लिहिलं? किल्ल्यांच्या मोडलेल्या वाटा, पडीक बारवा, माहेरच्या रानभाज्या, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा आणि तो का. वर्तमानपत्राच्या पुरवणीत यातलं फारसं छापून आलं नसतं. आलं असतं तरी पाचशे शब्दांत, आणि आजीची वाक्यं सुधारून.

आमच्या वर्गातल्या ब्लॉगांचं सांगायचं तर सगळ्यांची पहिली नोंद, म्हणजे पोस्ट, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या पंचसूत्रीवर (ग्रंथालयाच्या पाच नियमांवर) होती, आणि तीही एकमेकांची बघून उतरवलेली. गुण मिळाले, ब्लॉग बंद पडले. माझ्या ब्लॉगवर सात नोंदी आहेत. तेव्हा ब्लॉग म्हणजे सगळं सोनं, असं मी तरी म्हणणार नाही.

पण त्या सात नोंदींनी जे शिकवलं ते तालिकीकरणाच्या, म्हणजे पुस्तकांची सूची करण्याच्या, पेपरने शिकवलं नव्हतं. नोंदीखाली लेबलं टाकायची असतात. मी एका नोंदीला ‘पाककृती’ टाकलं, दुसरीला घाईत ‘रेसिपी’, आणि महिन्याने माझी मलाच पहिली सापडेना. मग इतरांचे ब्लॉग पाहिले. एकाच गोष्टीला पाककृती, पाकृ, रेसिपी, खादाडी, स्वयंपाकघर. सीअर्सची विषयशीर्षकांची यादी आम्ही पाठ करत होतो ती नेमकी यासाठी, हे तेव्हा लख्ख कळलं. ‘रेसिपी, पाहा पाककृती’ असं एक तालिकापत्र, म्हणजे सूचीतलं कार्ड, लिहिलं की वाचक कुठूनही आला तरी एकाच दारात पोचतो. दुवा ही इंटरनेटने शोधलेली चीज आहे असं आम्हाला वाटायचं. तालिकापत्रावरचं ते ‘पाहा’ दुसरं काय होतं?

वर्गीकरणाचंही तसंच. विषयाप्रमाणे पुस्तकांना क्रमांक देणाऱ्या ड्युईच्या दशांश पद्धतीत स्वयंपाक ६४१.५ ला, लोकसाहित्य ३९८ ला, मराठी साहित्य ८९१.४६ ला. आजीच्या फणसाच्या सांदणांपासून सुरू होऊन ओवीवर येणारी आणि शेवटी मामाच्या नाटकवेडावर संपणारी नोंद कुठे ठेवायची? पुस्तकाला एकच जागा असते, कारण त्याला पाठ एकच असते. ब्लॉगच्या नोंदीला चार लेबलं लागतात आणि चारही ठिकाणी ती सापडते. रंगनाथनांनी १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे पैलू सुटे करून हवे तसे जोडायची युक्ती काढली. ती मला परीक्षेपुरती कळली होती. लेबलं टाकताना खरी कळली.

आणि मग अक्षरांची भानगड. ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकीत नुक्ता असलेलं ऱ हे वेगळं अक्षर वापरतात. दुसरीत साधा र, हलंत आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण साध्या शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. वाऱ्या, कोऱ्या, बिऱ्हाडकऱ्या, दुसऱ्या, सगळ्यांची हीच कथा. वाचनालयाच्या संगणकात एकाने एका तऱ्हेने नाव भरलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने शोधलं की पुस्तक कपाटात असूनही ‘उपलब्ध नाही’. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, शंका आहे. पण मराठी मजकूर सांभाळायचा तर असल्या बारीक गोष्टी जाणणारा माणूस मध्ये लागतो, आणि त्या माणसाला ग्रंथपाल म्हणतात.

ब्लॉगची लाट ओसरली ती फेसबुकमुळे, आणि उरलंसुरलं व्हॉट्सॲपने नेलं. लोक लिहायचे थांबले असं झालं नाही, उलट जास्तच लिहितात. फरक असा की फेसबुकवरचं लिखाण आठवड्याने लिहिणाऱ्यालाही सापडत नाही, आणि व्हॉट्सॲपवर तर लेखकाचं नावच गळून पडतं. ‘वाचनात आलेला सुंदर लेख’, ‘लेखक अज्ञात’, ‘साभार’. कुणाला साभार ते कोणी सांगत नाही. तालिकीकरणात आम्हाला शिकवलं आहे की कर्ता अज्ञात असेल तर शीर्षकाखाली नोंद करा. या मजकुरांना शीर्षकही नसतं, हात जोडलेल्या तीन चित्रखुणा असतात. अशा लेखांतले दोन मी हट्टाने मागे मागे शोधत गेले. दोन्ही वेळा शेवटी एक जुना ब्लॉग निघाला, तारखेसकट, नावासकट, खाली वाचकांशी झालेल्या चर्चेसकट. ब्लॉगचं मोल मला इथे दिसतं. त्याला कर्ता आहे, दिनांक आहे, पत्ता आहे. ग्रंथनोंद करायला याहून जास्त लागतं काय?

लागतो तो कायदा, असं कुणी म्हणेल. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवायची असते. नाही पाठवली तर दंड ५० रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत. पन्नास रुपयांत हल्ली पुस्तकाला कव्हरही घालून मिळत नाही, पण ते असो. त्या कायद्यातली ‘पुस्तक’ची व्याख्या वाचण्यासारखी आहे. खंड, भाग, पत्रक येतात, सुटे छापलेले किंवा शिळाछाप केलेले नकाशे आणि तक्तेही येतात. शिळाछापाची आठवण ठेवणाऱ्या या कायद्याला वेबपान दिसत नाही. डेन्मार्कने २००५ मध्ये आपल्या देशाचं वेबलेखन ग्रंथालयाच्या ताब्यात द्यायची सोय कायद्याने केली. ब्रिटनने एप्रिल २०१३ पासून. आपल्याकडेही व्हावं, जरूर व्हावं. पण मराठीतली सूचीची परंपरा पाहिली तर कायद्याची वाट बघत बसायची सवय आपल्या पूर्वसुरींना नव्हती.

शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची आमच्या अभ्यासक्रमात दोन ओळींत उरकली जाते. १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची यादी त्यांनी जवळपास एकट्याने केली, ती १९४३ ला छापली गेली. पुढचा भाग १९३८ ते १९५० चा, तो १९६१ ला आला. मी तो जाडजूड ग्रंथ पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा भारदस्त नावं शोधली नाहीत, फुटकळ नावं शोधली. चोपडी, पोथ्या, शालेय क्रमिक पुस्तकं, आरत्या. सगळी तिथे हजर. ‘हे कचरा, हे मोलाचं’ असं सूचीकाराने म्हटलं असतं तर आज १९व्या शतकातल्या बायका काय वाचत होत्या, मुलांना गणित कुठल्या भाषेत शिकवलं जात होतं, हे कळायचे रस्तेच बंद झाले असते.

‘ब्लॉग म्हणजे कचरा’ या आक्षेपाला माझं उत्तर हेच आहे. वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत फिरले आणि त्यातून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड उभे राहिले, पहिला १८९८ चा. त्या दप्तरांत हिशेब होते, वतनाची भांडणं होती, खुशालीची पत्रं होती. लिहिणाऱ्यांना आपण साधन लिहितोय याची कल्पना नव्हती. २००९ साली आजीला भाताच्या जाती विचारून लिहिणाऱ्या माणसालाही नव्हती. कागदाला एक बरं होतं की दुर्लक्ष केलं तरी तो माळ्यावर पडून राहायचा. वाळवी लागायची, पण शंभर वर्षांनी. वेबपान दुर्लक्ष सोसत नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये पडताळून पाहिलं, तर २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. ऑर्कुट २०१४ ला गेलं, याहू ग्रुप्स २०२० ला. त्यात किती मराठी होतं याची कुणाकडे यादी आहे? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा नाणेघाटातल्या शिलालेखाचं नाव सगळीकडे घेतलं गेलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या खोदीव अक्षरांचा पुरावा आपण दाखवू शकलो, याचा मलाही आनंद आहे. पंधरा वर्षांपूर्वीची मराठी दाखवा म्हटलं तर आपण कुठल्या कंपनीच्या दारात जाऊन उभे राहणार?

दुसरा आक्षेप मात्र मला जड वाटतो. लिहिणाऱ्याने स्वतःच ब्लॉग काढून टाकला असेल तर? टोपणनावाने कुणी आपल्या मोडलेल्या संसाराबद्दल लिहिलं, पाच वर्षांनी तिला ते नको झालं. तिच्या पुसण्याच्या हक्काहून आमची सूची मोठी आहे का? नाही. ग्रंथालयाने इथे माळ्यावरच्या दप्तराचा न्याय लावू नये. राजवाड्यांच्या दप्तरांतली माणसं मेलेली होती, ही जिवंत आहेत. कायदाही तेच सांगतो. १९५७ च्या स्वामित्व कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत करता येते, पण त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत त्याच्याकडे आधीच असेल तर. ब्लॉगची कागदी प्रत नसतेच. म्हणून प्रत ठेवायची तर लेखकाची परवानगी हवी. आज ती एका ई-मेलवर मिळते. लेखक गेल्यावर त्याचा हक्क वारसांकडे ६० वर्षं राहतो, आणि वारसांना पुष्कळदा बाबा ब्लॉग लिहायचे हेच माहीत नसतं. जे ब्लॉग काढून टाकलेले आहेत त्यांच्या मागे लागू नये. जे नुसते सोडून दिलेले आहेत त्यांच्या लेखकांना गाठावं. आणि हे गाठणं पुण्या-मुंबईतल्या मोठ्या संस्थेला जमत नाही. ‘अमक्या मास्तरांचा धाकटा, तो ठाण्याला असतो’ हे तालुक्याच्या वाचनालयालाच माहीत असतं.

वाचनालयाच्या काकांना मी हे सगळं दुपारच्या चहाला ऐकवलं. ते पंचवीस वर्षं तिथे ग्रंथपाल आहेत आणि पगार म्हणजे अनुदानातून मिळणारं मानधन.

“अगं, इथे पुस्तकांना कपाटं पुरत नाहीत, आणि तू इंटरनेटला जागा मागतेस!”

“काका, कपाट नाही लागत. एक पेन ड्राइव्ह लागतो.”

“आणि तो हरवला की?”

रास्त प्रश्न होता. उपयोगी साधनं कुठली हे मला खरं तर अशा प्रश्नांनी शिकवलं, सरांच्या ‘वेब टूल्स’च्या सादरीकरणाने नाही. त्या सादरीकरणात चाळीस साधनांची चिन्हं एका पडद्यावर दाटीने बसवली होती. त्यातली अर्धी परीक्षेआधीच बंद झाली असतील. महिनाभर वापरून माझ्या हाताला जी लागली ती मोजकी आहेत, आणि दिसायला साधी.

पहिलं इंटरनेट आर्काइव्ह. ते १९९६ पासून वेबपानांच्या प्रती जमवत आलं आहे, आणि त्याच्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाकला की त्या पानाची जुनी रूपं दिसतात. तिथेच एक खिडकी आहे, तिच्यात पत्ता टाकून कोणीही पान त्या क्षणी जतन करू शकतं. शाळेतल्या मुलालाही जमेल. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या संस्थेवर सायबर हल्ला झाला आणि काही दिवस सगळंच बंद होतं. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत हे आमच्या आज्जीलाही माहीत होतं, आणि ती शाकाहारी होती. म्हणून दुसरी प्रत आपल्याकडे हवी. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये लेखकाला सगळा मजकूर एका फायलीत उतरवून घ्यायची सोय आहे. लेखकाने ती फाइल वाचनालयाला पाठवली की काम झालं. शेकडो नोंदींचा नुसता मजकूर मोबाइलवरच्या एखाद्या व्हिडिओपेक्षा लहान भरतो. फोटोंसकट, पान जसंच्या तसं ठेवायचं असेल तर वेबरेकॉर्डरसारखी मोफत साधनं आहेत. ती ज्या स्वरूपात फाइल करतात ते आंतरराष्ट्रीय मानक आहे, म्हणजे उद्या ते साधन बंद पडलं तरी फाइल उघडेल. साधन निवडताना मी आता एवढंच विचारते: हे बंद पडल्यावर माझ्या हातात काय उरेल?

हा प्रश्न मला गूगल रीडरने शिकवला. मी ते वापरलेलं नाही. जुलै २०१३ मध्ये ते बंद झालं तेव्हा मी शाळेत होते. पण जुन्या मराठी ब्लॉगांवर त्या सुमाराच्या नोंदी वाचल्या की दुखवट्याच्या सभेत बसल्यासारखं वाटतं. शे-दोनशे ब्लॉगांवर नवं काय आलं ते एका जागी वाचायची ती सोय होती. तिच्या मुळाशी असलेलं आरएसएस हे तंत्र मात्र कुणाच्या मालकीचं नाही, म्हणून ते अजून चालू आहे. मला ते सगळ्या वेबमधलं सर्वांत ग्रंथालयी साधन वाटतं. नियतकालिकांच्या नोंदीचं कार्ड आठवा, कुठला अंक आला, कुठला चुकला. आरएसएस तेच करतं. काकांच्या संगणकावर मी तालुक्याशी संबंधित चालू ब्लॉगांचे असे पत्ते भरून दिले. आता कुणी नवं लिहिलं की त्यांना दिसतं. ते रोज बघतात असं नाही म्हणणार, पण पावसाळ्यात वीज असेल त्या दिवशी बघतात.

आणि कोहा. ग्रंथालयाची सगळी कामं करणारी ही संगणक प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका लहानशा ग्रामीण ग्रंथालय संस्थेसाठी तयार झाली आणि जानेवारी २००० पासून वापरात आली. त्यांनी ती सर्वांना मोफत खुली केली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तिच्यात पुस्तकाची नोंद होते तशीच वेबपत्त्याचीही होते, त्यासाठी रकाना आहे. म्हणजे भात शोधणाऱ्या वाचकाला गॅझेटियर, कृषी खात्याची पुस्तिका आणि आजीचा ब्लॉग एकाच यादीत दिसू शकतात. आमच्या पंचसूत्रीत ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ हे तिसरं सूत्र आहे. परीक्षेत त्यावर टीप लिहायची असते.

अडचण साधनांची नाही, रकान्यांची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड वर्ग मिळतो आणि वर्गाप्रमाणे अनुदान. वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, नियतकालिकं, सभासद, वाचनालय किती तास उघडं असतं अशा गोष्टींवर. तपासणीला अधिकारी आले की ते दाखल नोंदवही मागतात. एखाद्या ग्रंथपालाने वर्षभर खपून तालुक्यातल्या तीस ब्लॉगांची सूची केली, दहा लेखकांची परवानगी आणली, तर त्या अहवालात ते लिहायला जागा नाही. त्यापेक्षा वर्षअखेरीस सवलतीत मिळणारी पुस्तकांची खोकी घेतली तर ग्रंथसंख्या वाढते. काकांना मी दोष देत नाही. ज्याचं मोजमाप होतं तेच माणूस करतो, आणि तुटपुंज्या मानधनात तर आणखीनच.

माझी मागणी म्हणून लहानशी आहे. ग्रंथालय संचालनालयाने वार्षिक अहवालात एक रकाना वाढवावा: स्थानिक वेबलेखनाच्या किती नोंदी केल्या. त्या नोंदींना ग्रंथसंख्येत थोडंफार वजन द्यावं. लेखकाच्या परवानगीचा एका पानाचा मराठी नमुना तयार करून सगळ्यांना पाठवावा, म्हणजे प्रत्येकाला वकील गाठायला नको. मोठं संकेतस्थळ, मोठं उद्घाटन, मोठा सर्व्हर यांतलं काही नको. मोठ्या सर्व्हरांचं देखभालीचं कंत्राट संपतं आणि ते झोपतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यापेक्षा शंभर वाचनालयांत शंभर लहान याद्या बऱ्या. आणि ब्लॉग कुठल्या वाचनालयाने नोंदवायचा, लेखक न्यू जर्सीत राहत असेल तर? लेखक कुठे राहतो ते सोडून द्यावं, ज्या गावाबद्दल लिहिलं आहे त्या गावाने नोंदवावा. दोन गावांनी नोंदवला तर बिघडलं काय? पुस्तकाच्याही दोन गावांत प्रती असतातच.

गुरुजींच्या भाताचं राहिलं. वेबॅक मशीनमध्ये त्या ब्लॉगची दोनच पानं निघाली, फोटोंच्या जागी रिकामे चौकोन. पण एका नोंदीखाली कुणी प्रतिक्रियेत लेखकाला आडनावाने हाक मारली होती. काकांनी ते आडनाव वाचलं, क्षणभर थांबले, म्हणाले, “हा तर खालच्या वाडीतला, डोंबिवलीला असतो.” फोन नंबर मिळायला दोन दिवस लागले. ते गृहस्थ आधी घाबरलेच, त्यांना वाटलं कुठली तरी फसवणूक आहे. मग भरभरून बोलले. पासवर्ड हरवला होता, ब्लॉग कधी आणि कसा गेला ते त्यांनाही कळलं नव्हतं. लिहिलेलं मूळ मात्र जुन्या संगणकावर होतं, ते शोधून पाठवतो म्हणाले. आजी २०१४ ला गेली. फाइल आली तेव्हा माझा महिना संपायला एक दिवस उरला होता, आणि गुरुजींनी तोवर वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांना विचारून आपला तक्ता पुराही केला होता. तरी ते आले, फाइलमधली नावं तक्त्याशी ताडून पाहिली, दोन नवी निघाली ती पेनाने खाली लिहून घेतली.

शेवटच्या दिवशी मी काकांच्या मागे लागले की हिला दाखल क्रमांक द्या. त्यांनी नोंदवही उघडून माझ्यापुढे ठेवली. मी लेखकाचं नाव लिहिलं. प्रकाशकाच्या रकान्यात जरा विचार करून ‘स्वतः’ लिहिलं. पृष्ठसंख्येच्या जागी नोंदींची संख्या. किमतीच्या रकान्यापाशी माझंच पेन अडलं.

“इथे काय लिहू, काका?”

“भेट लिही,” ते म्हणाले. “फुकट आलेल्या पुस्तकाला आपण तेच लिहितो.”